दंतसेविका: वेलिंग्टनपासून अलास्कापर्यंत

मंडळी, एखादं काम करण्याची लायकी कोणाची, आणि ती ठरवायची कोणी? तत्त्वज्ञानाच्या वर्गात हा प्रश्न मी वर्षानुवर्षं प्लेटोपासून सुरू करत असे. आज दातांपासून करतो.

पहिल्या महायुद्धात न्यूझीलंडमध्ये सैन्यभरती सुरू झाली, तेव्हा दिसून आलं की धडधाकट वाटणाऱ्या कितीतरी तरुणांचे दात पार किडलेले आहेत. सैन्याच्या दंतविभागाचे थॉमस हंटर यांनी ओळखलं की विशीत डागडुजी करून भागणार नाही, शाळेपासूनच सुरुवात हवी. पण शाळाशाळांतून जायला दंतवैद्य होते कुठे? म्हणून १९२१ साली वेलिंग्टनमध्ये तरुण मुलींसाठी दोन वर्षांचं प्रशिक्षण सुरू झालं. दात तपासायचे, भरायचे, काढायचे, आणि मुलांना दात घासायला शिकवायचं. शाळेच्या आवारातच छोटा दवाखाना, त्यात पायाने चालवायचं ड्रिल. मुलीच का निवडल्या? त्या लहान मुलांशी मायेनं वागतील, असं सांगितलं गेलं. कमी पगारात राबतील, हेही हिशेबात होतंच! मुलांना ती माया कितपत जाणवली कोण जाणे. त्यांनी दवाखान्याचं नाव ठेवलं होतं 'खुनाचं घर'. (हशा)

दंतवैद्यांचा विरोध होताच. दोन वर्षांत कोणी दंतवैद्य होतं का? पुढे ऐंशी वर्षांनी हाच प्रश्न अलास्कात उभा राहिला, आणि तिथे तो कोर्टात गेला.

अलास्कातल्या आदिवासी गावांपैकी बहुतेक गावांना रस्ताच नाही. छोट्या विमानानं जायचं, तेही हवा असेल तर. दंतवैद्य वर्षातून कधीतरी यायचा, दिसतील ते किडके दात उपटायचा आणि परत जायचा. गोरगरिबांच्या पोरांचं सगळं बालपण ठणक्यात. तिथल्या आदिवासी आरोग्य संस्थांनी २००३ साली आपल्याच गावांतले काही तरुण थेट न्यूझीलंडला, ड्यूनेडिनच्या ओटागो विद्यापीठात पाठवले. कारण अमेरिकेत तेव्हा असं शिक्षण कुठेच मिळत नव्हतं. ते परत येऊन कामाला लागले, आणि २००६ मध्ये अमेरिकन डेंटल असोसिएशन कोर्टात गेली. परवान्याशिवाय दंतवैद्यकी चालली आहे, असा दावा. २००७ मध्ये निकाल थेरपिस्टांच्या बाजूनं लागला. आदिवासींच्या आरोग्यसेवेचा केंद्रीय कायदा इथे राज्याच्या परवाना कायद्यावर मात करतो, असं न्यायालयानं म्हटलं.

आता असोसिएशनचा मुद्दा अगदीच खोटा होता का? नाही. अर्धवट शिकलेल्या हातात ड्रिल देणं धोक्याचंच. पण तुलना कशाशी करायची, इथे ते चुकले असं मला वाटतं. त्यांच्या डोळ्यांसमोर एका बाजूला थेरपिस्ट, दुसऱ्या बाजूला पदवीधर दंतवैद्य. गावातल्या आईसमोर मात्र एका बाजूला थेरपिस्ट आणि दुसऱ्या बाजूला रिकामी खुर्ची! शिवाय हे थेरपिस्ट मोकाट नव्हते. काय करायचं, काय नाही, हे ठरलेलं; दूर बसलेल्या दंतवैद्याची देखरेख; गुंतागुंतीचं काही निघालं तर रुग्ण त्यांच्याकडे पाठवायचा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे ही माणसं तिथलीच. आजीशी युपिक भाषेत बोलणारी, कोणाच्या घरी मुलांच्या हातात सोड्याच्या बाटल्या असतात हे माहीत असलेली. बाहेरून आलेला कितीही हुशार असो, करार संपला की विमान पकडतो. २००७ पासून हे प्रशिक्षण अलास्कातच सुरू झालं, आणि दुसऱ्या वर्षी विद्यार्थी बेथेलच्या दवाखान्यात प्रत्यक्ष रुग्णांवर हात बसवू लागले. २००९ मध्ये मिनेसोटानंही डेंटल थेरपिस्टांसाठी कायदा केला.

आपल्या १९४८ च्या कायद्यात दंतवैद्य, हायजिनिस्ट आणि मेकॅनिक असे तीनच वर्ग होते. गावातल्या मुलाचा दात भरणारा चौथा का नसावा, हे प्रश्नोत्तरांत बोलू. सभागृहात दोन-तीन दंतवैद्य बसलेले दिसतायत, पहिला माईक त्यांना द्या.