सिकलसेल, मूल आणि कपाळावरच्या खुणेचा इतिहास



उत्तर नागपुरातल्या एका वस्तीत सिकलसेल तपासणीनंतरच्या घरभेटी आम्ही करत होतो. लग्नाला दोन वर्षे झालेले एक जोडपे. दोघांचाही अहवाल ‘एएस’, म्हणजे दोघेही वाहक. सासूने आमच्यासमोरच निकाल दिला, “हिच्या माहेरचं रक्त खराब.” ती मुलगी आम्हाला दारापर्यंत सोडायला आली आणि हळूच म्हणाली, “ताई, मूल होऊ द्यायचं का नाही, एवढंच सांगा.”

आम्ही तिला सगळी माहिती दिली, पण हो किंवा नाही सांगितले नाही. तो अधिकार आमचा का नाही, हे इतिहासातून समजून घ्यावे लागते.

आधी विज्ञान. सिकलसेलचे जनुक आईकडून एक आणि वडिलांकडून एक असे दोन्ही आले तरच मूल ‘एसएस’, म्हणजे रुग्ण होते. एकच आले तर वाहक. आईवडील दोघेही एएस असतील तर प्रत्येक गर्भधारणेत मूल रुग्ण होण्याची शक्यता 25 टक्के, वाहक होण्याची 50 टक्के आणि दोन्हीतून मुक्त असण्याची 25 टक्के. ‘चारातले एक आजारी होणार, पहिले झाले, आता सुटलो’ हा हिशेब चूक आहे. प्रत्येक वेळी फासा नव्याने पडतो. आणि त्या सासूबाईंना हेही सांगायला हवे होते की त्यांचा मुलगा एएस आहे, याचा अर्थ ते जनुक त्याला त्याच्याच आईकडून किंवा वडिलांकडून मिळाले आहे. मग फक्त सुनेचेच रक्त खराब कसे?

मुळात हे रक्त ‘खराब’ नाहीच. 1954 साली अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवले की वाहकांना जीवघेण्या मलेरियापासून संरक्षण मिळते. म्हणून जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथे हे जनुक टिकले. विदर्भात ते आपल्या समाजात आणि आदिवासींमध्ये जास्त आढळते, इतर मागास जातींतही आढळते. यात कोणाचे पाप नाही, पूर्वजन्मीचे कर्म तर नाहीच.

आता इतिहास. ‘कोणी मूल जन्माला घालावे?’ हा प्रश्न सत्तेने हातात घेतला तेव्हा काय झाले? 1927 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅरी बक या गरीब तरुणीची सक्तीची नसबंदी वैध ठरवली. 1933 मध्ये नाझी जर्मनीने आनुवंशिक आजार रोखण्याच्या नावाने कायदा केला आणि सुमारे 4 लाख लोकांची नसबंदी झाली. आपल्याकडे आणीबाणीत, 1976-77 या एकाच वर्षात, 80 लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या. सक्तीचा मार सर्वात जास्त गरिबांनी खाल्ला. महाराष्ट्र विधिमंडळाने तर 1976 मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते अमलात आले नाही.

सिकलसेलचा स्वतःचा इतिहासही असाच आहे. हा आजार हिमोग्लोबिनच्या रेणूतला आहे हे 1949 मध्ये दाखवणारे नोबेल विजेते लायनस पॉलिंग यांनी 1968 मध्ये सुचवले की वाहक तरुणांच्या कपाळावर खूण गोंदावी, म्हणजे दोन वाहक एकमेकांच्या प्रेमात पडणार नाहीत. माणूस पुरोगामी, शांततावादी, हेतूही दुःख कमी करण्याचा. पण कपाळावरची खूण म्हणजे काय असते, हे गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधलेल्यांच्या वारसांना समजावून सांगायची गरज नाही.

ती खूण कोणी गोंदली नाही, पण कागदावर ती उमटलीच. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी तपासणी सक्तीची केली. समुपदेशन अपुरे, गोपनीयता नाही. निरोगी वाहकांनाही रुग्ण समजून नोकरी आणि विमा नाकारला गेला. हवाई दलाच्या अकादमीची दारे वाहकांना 1981 पर्यंत बंद होती. याच काळात, 1971 पासून, ब्लॅक पँथर पार्टीने आपल्या दवाखान्यांतून मोफत तपासणी सुरू केली. तपासणी तीच, पण ती आपल्या माणसांनी, आपल्या माणसांच्या आरोग्यासाठी केलेली. 1972 च्या राष्ट्रीय कायद्याने अखेर तपासणी ऐच्छिक असावी हे तत्त्व मान्य केले.

आता आपल्याकडे पाहू. 1 जुलै 2023 रोजी शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. 17 राज्यांत 7 कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन असे उद्दिष्ट आहे. तपासणीला आमचा पाठिंबाच आहे. आमचा प्रश्न एवढाच, निर्मूलन कशाचे? आजाराचे असेल तर हायड्रॉक्सियुरिया प्राथमिक आरोग्य केंद्रात वर्षभर मिळाले पाहिजे. जन्मतःच तपासणी, लहान वयात पेनिसिलिन आणि लसी मिळाल्या पाहिजेत. ते न करता फक्त ‘लग्न करू नका, मूल होऊ देऊ नका’ एवढेच सांगायचे असेल, तर ते निर्मूलन आजाराचे नाही, माणसांचे आहे.

आणि बोट फक्त सरकारकडे दाखवून चालणार नाही. आपल्याच वधू-वर मेळाव्यांत आता ‘सिकलसेल निगेटिव्ह’ ही अट दिसते. अहवाल मुलीचा मागतात, मुलाचा नाही. एएस मुलगी एए मुलाशी लग्न करते तेव्हा मूल रुग्ण होण्याचा प्रश्नच येत नाही, तरी स्थळ मोडते. जातीचा दाखला नाकारणारा समाज रक्ताचा दाखला मागू लागला, तर आपण नेमके काय सोडले?

बाबासाहेबांनी 1916 मध्येच दाखवले की सजातीय विवाह हा जातीचा गाभा आहे. 1936 च्या ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ या निबंधात जातीमुळे वंश सुधारतो हा दावाही त्यांनी खोडून काढला. आपल्याच वर्तुळात लग्ने होत राहिल्याने दोन वाहक भेटण्याची शक्यता वाढते, हे आजचे विज्ञान सांगते. 10 नोव्हेंबर 1938 रोजी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आला, तेव्हा बाबासाहेबांचे भाषण पी. जे. रोहम यांनी वाचून दाखवले. ठराव फेटाळला गेला. त्या भूमिकेत स्त्रीचे आरोग्य आणि गरिबीतून सुटका केंद्रस्थानी होती. साधने लोकांच्या हाती द्या, हा तिचा अर्थ आम्ही घेतो.

त्या मुलीला आम्ही चार वाटा सांगितल्या. मूल न होऊ देणे, ही एक. दत्तक घेणे, ही दुसरी. गर्भाची तपासणी करून मग ठरवणे, ही तिसरी. ती साधारण दहाव्या ते बाराव्या आठवड्यात होते, लिंगनिदान गुन्हा असला तरी या आजारासाठीची तपासणी कायद्याला मान्य आहे. आणि सगळे समजून मूल होऊ देणे व जन्मापासून उपचार करणे, ही चौथी. कोणतीही वाट निवडली तरी ती गुन्हेगार नाही. आजारासह जगणारे आपले भाऊबहीण ‘जन्मायला नको होते’ असेही कोणी म्हणू नये.

कार्यकर्त्यांनी एवढे करावे: तपासणी लग्न ठरण्याआधी, मुलाची आणि मुलीची दोघांची. साध्या सोल्युबिलिटी चाचणीतून वाहक की रुग्ण हे कळत नाही, म्हणून पुढची इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणी झालीच पाहिजे. अहवाल ज्याचा त्याच्याच हाती, वस्तीत वाचून दाखवायचा नाही.

‘अत्त दीप भव’ म्हणणाऱ्यांनी दिवा हातात द्यावा, पाऊल तिचे तिला टाकू द्यावे.

जयभीम. नमो बुद्धाय.