विज्ञानकादंबरी आणि वाचकांचा अभिप्राय : भिवंडीच्या निमित्ताने एक विचार

वाङ्मयाचा इतिहास लिहिताना ग्रंथकार, ग्रंथ आणि टीकाकार ह्या तिघांची दखल सामान्यतः घेतली जाते. ग्रंथ ज्याच्या हाती अखेर पडतो, जो तो वाचून दुसऱ्यास ‘अवश्य वाचा’ किंवा ‘वेळ दवडू नका’ असे सांगतो, तो वाचक मात्र ह्या इतिहासाबाहेरच राहतो. विज्ञानकादंबरीच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. कारण मराठीत ह्या वाङ्मयप्रकाराचा स्वीकार प्रथम वाचकांनी केला आणि समीक्षेने त्याची दखल मागाहून घेतली. हे विधान पारखून पाहावयाचे तर मुंबई-पुण्याच्या साहित्यवर्तुळापेक्षा एखाद्या उद्योगी गावाच्या बाजूने पाहणे अधिक उपयुक्त ठरते. भिवंडी हे असे गाव होय.

कामवारी नदीकाठचे हे ठाणे जिल्ह्यातील शहर कापडाच्या विणकामाकरिता, विशेषतः यंत्रमागांकरिता प्रसिद्ध आहे. येथे मराठीच्या जोडीला उर्दू, हिंदी आणि तेलुगू ह्या भाषाही घरोघर बोलल्या जातात. मराठी ग्रंथप्रकाशनाचा व्यवसाय मुख्यतः मुंबई आणि पुणे येथे एकवटलेला असल्यामुळे अशा गावी पुस्तक पोहोचते ते ग्रंथालयाच्या मार्गाने. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ मध्ये स्थापन झाले; ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय वि. ल. भावे प्रभृतींनी १८९३ मध्ये उभारले. आणि भिवंडीचे वाचन मंदिर ह्याच परंपरेतील आहे. वर्गणीवर चालणाऱ्या अशा संस्थांत वाचकाचा अभिप्राय लेखरूपाने क्वचितच प्रकट होतो. कोणते पुस्तक विकत घ्यावे ह्याविषयीची सूचना, एका पुस्तकासाठी लागलेली रांग, वारंवार हाताळल्याने करावी लागलेली पुनर्बांधणी, हीच त्या अभिप्रायाची भाषा असते.

मराठी वाचकाची विज्ञानकथेशी ओळख प्रथम अनुवादाच्या द्वारे झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी ‘केरळकोकिळ’ ह्या मासिकातून ज्यूल व्हर्न यांच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचे ‘चंद्रलोकची सफर’ हे रूपांतर क्रमशः प्रसिद्ध होऊ लागले. मूळ फ्रेंच कादंबरी १८६५ ची. कोचीनसारख्या दूरच्या बंदरात सुरू झालेल्या मराठी मासिकाने चंद्रावरील स्वारीची कथा टपालाने महाराष्ट्रातील गावोगावी पोहोचवावी, ही गोष्ट त्या काळच्या वाचनव्यवहारावर पुष्कळ प्रकाश टाकते. क्रमशः प्रसिद्धीमुळे दोन अंकांच्या मध्ये महिनाभराचा अवकाश मिळे, आणि पुढे काय घडेल ह्याविषयी तर्क करण्यास वाचकास सवड राही. कथेवरील चर्चा ही अशा रीतीने वाचनाचाच एक भाग होऊन बसते.

अशी चर्चा कोणत्या प्रश्नाभोवती फिरते, हे युरोपातील एका प्रसिद्ध मतभेदावरून स्पष्ट होते. एच. जी. वेल्स यांच्या १९०१ मधील चंद्रविषयक कादंबरीतील प्रवासी गुरुत्वाकर्षण अडविणाऱ्या एका काल्पनिक द्रव्याच्या साहाय्याने चंद्रावर जातात. व्हर्न यांच्या कथेत हेच काम तोफ करते. वेल्स यांच्याविषयी १९०३ मध्ये विचारणा झाली असता व्हर्न यांनी आक्षेप घेतला की, आपण पदार्थविज्ञानाचा आधार घेतो, वेल्स मात्र नवीच वस्तू कल्पून मोकळे होतात. ती वस्तू त्यांनी दाखवावी. वास्तविक व्हर्न यांच्या तोफेतून सुटणाऱ्या गोळ्यातील माणूस त्या धक्क्याने जिवंत राहणे अशक्यच होते. तेव्हा प्रश्न शास्त्रीय अचूकतेचा जितका, तितकाच वाचकाने कोणती गोष्ट गृहीत धरण्यास तयार व्हावे, हाही होता. ‘हे शक्य आहे काय?’ आणि ‘हे शक्य मानले तर पुढे काय होईल?’ ह्या दोन प्रश्नांपैकी कोणता आधी विचारावा, ह्यावर विज्ञानकादंबरीच्या वाचकांत तेव्हापासून दोन पक्ष पडलेले दिसतात.

मराठीत श्री. बा. रानडे यांची ‘तारेचे हास्य’ ही कथा शतकाच्या दुसऱ्या दशकात ‘मनोरंजन’ मासिकात आली, आणि स्वतंत्र विज्ञानकथेच्या आरंभीच्या नमुन्यांत तिची गणना होते. तथापि ह्या लेखनाचा अखंड प्रवाह तेव्हा निर्माण झाला नाही. पुढे १९५१ मध्ये भा. रा. भागवत यांनी ‘बालमित्र’ हे मासिक सुरू केले, आणि व्हर्न यांच्या कादंबऱ्यांचे त्यांनी केलेले अनुवाद कुमारवयीन वाचकांच्या पिढ्यांनी आवडीने वाचले. अनंत अंतरकर यांच्या ‘नवल’ मासिकाने अद्भुत, रहस्यमय आणि अपरिचित अशा कथांस हक्काची जागा दिली. ह्या दोन्ही प्रयत्नांमुळे वाचकवर्ग वाढला खरा. परंतु त्याचबरोबर एक समजही दृढ झाला. हे वाङ्मय मुलांचे किंवा फार तर करमणुकीचे, तेव्हा त्यावरील मतास गंभीर टीकेत स्थान असण्याचे कारण नाही, असा तो समज होय. वाचकांचे मत तयार होत होते. त्याची नोंद घेणारे कोणी नव्हते.

अमेरिकेतील स्थिती ह्याहून निराळी होती. ह्यूगो गर्न्सबॅक यांनी १९२६ मध्ये केवळ विज्ञानकथांना वाहिलेले ‘अमेझिंग स्टोरीज’ हे मासिक काढले आणि त्यात वाचकांची पत्रे त्यांच्या पत्त्यांसह छापण्यास आरंभ केला. त्यामुळे वाचक परस्परांस पत्रे लिहू लागले, त्यांची मंडळे स्थापन झाली, संमेलने भरू लागली. आणि १९५३ पासून गर्न्सबॅक यांच्याच नावाने ओळखली जाणारी पारितोषिके संमेलनातील सभासदांच्या मतांनुसार दिली जाऊ लागली. वाचकाचा अभिप्राय तेथे संस्थेच्या रूपास पोहोचला. भिवंडीसारख्या गावात मात्र वाचकवर्ग लिपीनेच विभागलेला होता. उर्दू वाचकांत इब्ने सफी यांच्या १९५२ पासून अलाहाबादेहून निघू लागलेल्या ‘जासूसी दुनिया’ मालेचा मोठा बोलबाला होता, आणि त्यांच्या कथांत विलक्षण यंत्रांच्या बळावर जगास वेठीस धरणारी ‘झीरोलँड’ नावाची काल्पनिक सत्ता येते. उर्दू वाचकाची ही झीरोलँड आणि मराठी वाचकाची ‘चंद्रलोकची सफर’ ही एकाच कुतूहलाची दोन रूपे होत; परंतु एका लिपीतील मत दुसऱ्या लिपीतील वाचकाच्या कानी सहजासहजी पडत नसे.

मराठीत ह्या अभिप्रायास प्रतिष्ठा मिळवून देणारी घटना १९७४ मध्ये घडली. १९६६ मध्ये स्थापन झालेली मराठी विज्ञान परिषद विज्ञानकथांच्या स्पर्धा भरवीत असे. त्या वर्षीच्या स्पर्धेत नारायण विनायक जगताप ह्या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा आली आणि तिला प्रथम पारितोषिक मिळाले. जगताप म्हणजे खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णु नारळीकर होत, हे मागाहून उघड झाले. नावाची आद्याक्षरे त्यांनी उलट क्रमाने योजिली होती. हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून कथेची प्रत त्यांच्या पत्नीने लिहून काढली होती. जगन्मान्य शास्त्रज्ञाच्या नावाचे दडपण परीक्षकांवर येऊ नये, हा त्यामागील हेतू होता.

ह्या प्रसंगाकडे एक गमतीदार आख्यायिका म्हणून पाहण्याचा प्रघात पडला आहे. त्याचे खरे महत्त्व त्याहून अधिक आहे. विज्ञानकादंबरीवर मत देताना वाचकास दोन भीती वाटतात. विज्ञान आपणास कळत नाही, ही पहिली. आणि लेखक मोठा शास्त्रज्ञ असल्यास त्याची कथा फसली असे म्हणावे कसे, ही दुसरी. टोपणनावाने ही दुसरी भीती नाहीशी केली. परीक्षकांच्या हाती केवळ कथा उरली आणि तिचा कौल कथा म्हणूनच लागला. १९७५ च्या कराड येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गा भागवत यांनी ह्या नव्या लेखनाची दखल घेतली, तेव्हा त्या आधीच मिळालेल्या निकोप अभिप्रायास साहित्याच्या व्यासपीठावरून दुजोरा मिळाला, असे म्हणावयास हरकत नाही.

ह्यानंतर नारळीकरांचा ‘यक्षांची देणगी’ हा कथासंग्रह १९७९ मध्ये व ‘प्रेषित’ ही कादंबरी १९८३ मध्ये प्रसिद्ध झाली. अरुण साधू यांनी ‘विप्लवा’ ही कादंबरी लिहिली. बाळ फोंडके, निरंजन घाटे, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर प्रभृतींनी ह्या प्रकारास विविधता आणली. त्याच सुमारास ‘ग्रंथाली’च्या वाचक चळवळीने पुस्तके गावोगावी नेण्याचा उपक्रम हाती घेतला, आणि १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने लहान गावांतील ग्रंथालयांस शासकीय अनुदानाचा आधार लाभला होताच. नवी कादंबरी दूरच्या वाचकापर्यंत जाण्याची वाट अशी रुंदावली. तिच्याबरोबर जुना वादही परत आला. काहींच्या मते कथेत विज्ञान इतके होते की पात्रांना श्वास घेण्यास जागा उरत नसे. काहींच्या मते विज्ञान केवळ नावापुरते असून आत जुनीच अद्भुतकथा होती. व्हर्न आणि वेल्स यांच्या मतभेदाचेच हे मराठी रूप होय.

ह्या वादात सामान्य वाचकाची बाजू दुबळी नाही. माग चालविणाऱ्या गावातील माणसास यंत्र म्हणजे काय, ते कोणाच्या हातचे काम काढून घेते आणि कोणास नवे काम देते, हे पुस्तकावाचून ठाऊक असते. हातमागाच्या जागी यंत्रमाग येणे हा भिवंडीच्या घरांनी अनुभवलेला पालट आहे. कृष्णविवराचे गणित त्यास सोडविता येणार नाही. परंतु एखादा शोध समाजात आल्यावर माणसे जशी वागतील असे लेखक म्हणतो, तशी ती खरोखर वागतील काय, हे तो अधिकाराने सांगू शकतो. विज्ञानकादंबरीची अर्धी परीक्षा शास्त्रज्ञाने घ्यावयाची असते; उरलेली अर्धी अशाच वाचकाने.

म्हणूनच ह्या वाङ्मयप्रकाराचा इतिहास केवळ प्रकाशनवर्षांच्या यादीवरून पुरा होणार नाही. ग्रंथालयांची देवघेव-पुस्तके, खरेदीविषयक सूचनांच्या वह्या आणि मासिकांतील वाचकांची पत्रे ही त्याची साधने होत. देवघेवीचे काम संगणकावर गेले की जुन्या वह्या रद्दीत जाण्याचा संभव असतो. त्या जपून ठेवणे हे भिवंडी, कल्याण आणि ठाणे येथील ग्रंथालयांचे व विद्यापीठीय संशोधनाचे समान कर्तव्य ठरते.