बूस्ट 0.5 बार, पण कशाच्या वर?

सांगलीत गाडीच्या बूस्ट गेजवर 0.5 बार दिसतं. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला चढून गेलात, तरी 0.5च. मग वर इंजिनाचा जोर कमी का? टर्बोचा इतिहास बघा.

स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी 1905 मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं: वाया जाणाऱ्या एक्झॉस्टच्या जोरावर हवा दाबून इंजिनात भरायची. 1918 मध्ये अमेरिकेत सॅनफोर्ड मॉस यांनी विमानाचं लिबर्टी इंजिन पाइक्स पीकवर, सुमारे 4300 मीटर उंचीवर नेलं. खाली 350 अश्वशक्ती देणारं इंजिन वर 230 वर आलं. टर्बो लावल्यावर 356! म्हणजे उंचीवर कमी पडणारी हवा भरून काढणं, हे टर्बोचं एक जुनं काम. 1962 मध्ये तो ओल्ड्समोबाइल जेटफायरमधून मोटारीत आला.

दाब हाताबाहेर जाऊ नये म्हणून वेस्टगेट असतो. मॅन्युअल बूस्ट कंट्रोलर त्याच्याकडे जाणाऱ्या बारीक नळीत बसतो. बॉल-स्प्रिंग प्रकारात स्क्रू आवळला की वेस्टगेट उशिरा उघडतो, बूस्ट वाढतो. म्हणून सुरुवात सैल स्क्रूने. मग अर्धा-अर्धा फेरा, दर वेळी गेज बघत. अति आवळलात तर नॉकिंग होऊन पिस्टन जाऊ शकतो.

आता मुद्दा. वेस्टगेटची स्प्रिंग आणि साधा गेज, दोन्ही बाहेरच्या हवेच्या वरचाच दाब जाणतात. ती हवा सांगलीत साधारण 0.95 बार, महाबळेश्वरला 0.86. म्हणजे इंजिनाला एकूण मिळतात 1.45 आणि 1.36.

तुमच्या प्रयोगातही आकडा वहीत उतरवण्याआधी विचारा: शून्य कुठे धरलंय?