नागपूरहून सुटलेली गाडी

नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की कामठी, भंडारा रोड, तुमसर, गोंदिया, डोंगरगड करत काही तासांत राजनांदगाव येतं. या रस्त्याने मी कितीतरी वेळा गेलोय, बहुतेकदा मोबाईलमध्ये डोकं घालून. १८९३ साली याच रुळांवर दोन अनोळखी प्रवाशांची गाठ पडली आणि त्यातून एका घराची पार उलथापालथ झाली, हे मला फार उशिरा कळलं.

त्यातले एक नारायण वामन टिळक. लोकमान्य नव्हेत, शाळेत ‘केवढे हे क्रौर्य’ पाठ केली असेल, तर तिचे कवी. वय तेव्हा एकतीस-बत्तीस. १८९१पासून ते नागपुरात होते, आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचं काम करत. पण नोकरी त्यांच्याकडे कधी फार दिवस टिकली नाही. आता पोटासाठी राजनांदगाव गाठायचं होतं. संस्थान बैरागी महंतांचं, त्यामुळे संस्कृत पंडिताला तिथे थारा मिळण्यासारखा होता.

डब्यात एक गोरा माणूस बसला होता. हा आता आपल्याला बाहेर काढणार, असं टिळकांना वाटलं. त्याने उलट हसून सरकून जागा करून दिली. बोलणं निघालं ते संस्कृत कवितेवरून, आणि हळूहळू धर्मावर गेलं. निरोप घेताना त्याने टिळकांच्या हातात नव्या कराराची प्रत ठेवली आणि सांगितलं की हे नीट वाचलंत तर दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांना हे भाकीत हास्यास्पद वाटलं. पण वाचायचा शब्द दिला होता. वाचता वाचता ते डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तिथेच अडकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

तो प्रवासी म्हणजे अर्नेस्ट वॉर्ड, असं सांगितलं जातं. वॉर्ड हा फ्री मेथडिस्ट पंथाचा अमेरिकन मिशनरी. १८८१च्या सुरुवातीला तो बायकोसह भारतात आला आणि बुऱ्हाणपूरकडे कामाला लागला. पुढे याच पंथाचं काम आपल्या यवतमाळ भागात रुजलं. नावातल्या ‘फ्री’ची गोष्ट मला आवडते. त्या काळी अमेरिकेतल्या बऱ्याच चर्चमध्ये चांगली बाकं पैसेवाले भाड्याने घेत आणि गरिबांनी मागे बसायचं. हे चालणार नाही, बाकं सगळ्यांना मोकळी हवीत, आणि गुलामगिरीही नको, असं म्हणत १८६०मध्ये काही मेथडिस्ट वेगळे झाले. अशा पंथातल्या माणसाने रेल्वेच्या बाकावर सरकून जागा द्यावी, यात तसं नवल नाही.

आणि गंमत बघा, टिळक वॉर्डच्या पंथात गेलेच नाहीत. ते गेले अमेरिकन मराठी मिशनकडे. पेरणी एकाने केली, पीक दुसऱ्याच्या कोठारात!

इथे मला टिळकांचा राग येतो. बाप्तिस्मा घेताना त्यांनी लक्ष्मीबाईंना विश्वासात घेतलं नाही. कडक सोवळ्या-ओवळ्यात वाढलेली बाई, पदरी लहान मुलगा, आणि नवऱ्याचा धर्म एका दिवसात बदललेला. पुढची चार-पाच वर्षं दोघं वेगळी राहिली. लक्ष्मीबाई काही काळ पंढरपुरात होत्या. मग त्या परत आल्या, आणि १९००मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. पण तो स्वतःच्या वेळेला, स्वतःच्या विचाराने.

टिळक १९०४मध्ये दीक्षित पाळक झाले. अहमदनगरात शिकवणं, ‘ज्ञानोदय’मधलं लेखन, भजनं, कीर्तनं असं सगळं चालू होतं. मराठी चर्चमध्ये आजही त्यांची कितीतरी गीतं गातात. पण पगार मिशनचा होता आणि तेच त्यांना सलत होतं. लोकांच्या नजरेत हा माणूस साहेबाचा नोकर. मग त्याचं म्हणणं मनापासूनचं कशावरून?

१९१७मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनची नोकरी सोडली. एरवी पाळक निवृत्त झाला की विसावतो, यांनी संन्यास घेतला आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त तिथे एकाच पंगतीला. कल्पना मोठी होती, हाती वेळ मात्र थोडा उरला होता. ९ मे १९१९ रोजी मुंबईत ते गेले. आपल्या नावाआधी ‘रेव्हरंड’ लावू नका, अशी इच्छा त्यांनी लिहून ठेवली होती. आपण मात्र आजही ‘रेव्हरंड टिळक’च म्हणतो.

नोकरी सोडणारा मोकळा होतो. वाण्याची उधारी घरात राहणाऱ्याला दिसते. टिळकांच्या हातून पैसा कसा गळायचा, हे लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये हसत हसत लिहिलंय. आपण वाचताना हसतो आणि मध्येच हसू थांबतं. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य सुरू केलं, पण त्यांच्या हातून दहा-अकराच अध्याय झाले. उरलेलं शाळेची पायरीही न चढलेल्या लक्ष्मीबाईंनी लिहून पुरं केलं.

१९३३मध्ये मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलन नागपुरात भरलं. चाळीस वर्षांपूर्वी जिथून ती गाडी सुटली होती, त्याच शहरात. अध्यक्षा होत्या लक्ष्मीबाई टिळक.