पोशिंदा नवरा आला कुठून?

नवऱ्याने कमवावे, बायकोने घर राखावे, या वाटणीला ख्रिस्ती शास्त्राधार मागितला की तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातल्या पाचव्या अध्यायाचे आठवे वचन पुढे केले जाते. घरच्यांची तरतूद न करणारा माणूस विश्वास न ठेवणाऱ्याहून वाईट, असा त्याचा आशय. पण अध्यायाचा तो भाग विधवांविषयी आहे. म्हाताऱ्या आईचा, आजीचा भार मुला-नातवंडांनी उचलावा, मंडळीवर टाकू नये, एवढेच तिथे सांगायचे आहे. मूळ ग्रीकमध्ये ‘तिस’ हे सर्वनाम आहे; बाई असो की पुरुष, रूप एकच. मराठीत मात्र ‘जो’ लिहिले की पुरुष तिथूनच आत शिरतो. पुढे सोळाव्या वचनात तर, जुन्यात जुन्या हस्तलिखितांप्रमाणे, विधवांना सांभाळायचे काम थेट विश्वासू स्त्रीवर सोपवले आहे. तिच्या गाठीला काही असेल, हे त्यात धरूनच चालले आहे.

मग पोशिंद्याचे कूळ शोधायचे ते दोन ठिकाणी. एक आपल्याच भाषेत. ‘भर्ता’ म्हणजे भरणपोषण करणारा, ‘भार्या’ म्हणजे जिचे भरण करायचे ती. दोन्ही शब्द ‘भृ’ या एकाच धातूचे. बाप्तिस्म्याने नाव बदलले तरी हे शब्द घरातच राहिले. दुसरे कूळ इंग्लंडचे. पुण्यात 1885 साली उभे राहिलेले पंचहौदाचे पवित्र नाम देवालय ज्या अँग्लिकन परंपरेतले, तिच्या 1662 च्या प्रार्थनापुस्तकात आज्ञा पाळण्याचे वचन एकट्या वधूने द्यायचे आणि आपली मालमत्ता वराने तिला अर्पण करायची. इथल्या ख्रिस्ती जोडप्यांसाठी इंग्रजांनी केलेला 1869 चा घटस्फोटाचा कायदा याच मुशीतला. बायकोचा व्यभिचार एवढे कारण नवऱ्याला पुरे. बायकोला मात्र त्याच्या व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा परित्यागासारखे आणखी काही सिद्ध करावे लागे. शिवाय तिच्या जाराकडून नवऱ्याला नुकसानभरपाई मागता येई. पोसणाऱ्याला मालकी कशी चिकटते, ते या एका कलमात उघडे पडते. हे सारे रद्द व्हायला 2001 उजाडले.

इफिसकरांस पत्रात पत्नीला अधीन राहायला सांगितलेच आहे ना, हा आक्षेप टाळण्यासारखा नाही. पण इ. स. 200 च्या सुमाराच्या पपायरसात त्या वचनाला स्वतःचे क्रियापदच नाही. ते आधीच्या ओळीतून घ्यावे लागते आणि ती ओळ सर्वांनी एकमेकांच्या अधीन राहावे असे सांगते. नवऱ्यावरच्या जबाबदारीमुळे बायकांना आधार मिळाला, हेही खरे; ती जबाबदारी हलकी करा असे माझे म्हणणे नाही. पण तो आधार नवऱ्याच्या आयुष्याएवढाच. पंडिता रमाबाईंना वैधव्य आले 1882 मध्ये, पदरात तान्ही मनोरमा. पुढे त्यांनी मुंबईत काढलेले शारदा सदन 1890 मध्ये पुण्याला आणले, ते विधवांना स्वतःच्या पायावर उभे करायला. हिब्रू-ग्रीकवरून त्यांनी मराठीत आणलेले बायबल त्यांच्या मृत्यूनंतर, 1924 मध्ये, केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात छापून पूर्ण झाले. त्याचे खिळे जुळवले, पाने छापली ती तिथल्याच बायकांनी. विधवांविषयीचा तो पाचवा अध्यायही त्यांच्याच हातून गेला.