फाइल सर्व्हरच्या वेगाची मोजणी

सन मायक्रोसिस्टिम्सची एनएफएस ही नेटवर्कवरून फाइली वापरण्याची प्रणाली १९८० च्या दशकाच्या मध्यास आली, पण तिच्या सर्व्हरचा वेग मोजणारी सर्वमान्य चाचणी नव्हती. आरंभीची 'एनएचएफएसस्टोन' क्लायंटच्या कर्नलमधून विनंत्या पाठवी. त्यामुळे क्लायंटच्या कॅशचा परिणाम सर्व्हरच्या आकड्यांत मिसळे. १९९३ मध्ये संगणकांच्या वेगचाचण्या ठरवणाऱ्या स्पेक संस्थेने स्वीकारलेल्या 'लॅडिस'ने हा दोष मुळातच काढला: चाचणी स्वतःच आरपीसी (दूरस्थ कार्य चालवण्याच्या) विनंत्या रचू लागली. त्यांत लुकअप (नावावरून फाइल शोधणे) ३४, रीड २२, राइट १५ टक्के. भार टप्प्याटप्प्याने चढवून प्रत्येक वेळी सरासरी प्रतिसादकाळ नोंदवला जाई. भारासोबत फाइलींचा साठाही वाढवावा लागे, हा नियम सर्वांत मोलाचा. एरवी सारा डेटा सर्व्हरच्या मेमरीत मावला असता आणि डिस्कची परीक्षाच टळली असती. स्पेकच्या चाचणीच्या १९९७ च्या आवृत्तीत एनएफएस ३ व टीसीपी आले, २००८ मध्ये विंडोजची फाइल-वाटप पद्धत सीआयएफएस.