सत्तावीस डाऊन

आगगाडीच्या डब्यांत शेजारच्या माणसानें ‘कुठपर्यंत?’ असें विचारलें, कीं त्या एका प्रश्नावर अर्धी रात्र सहज निघते. १८७० सालीं मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जबलपूरवरून जोडला गेला, आणि जळगांव-भुसावळच्या माणसाला दूरदेशींचा शेजार मिळूं लागला. धुळेकरांना मात्र तो चाळीसगांवीं गाडी बदलल्यावरच लाभे.

याच मार्गानें मुंबईहून वाराणसीस जाणाऱ्या गाडीचा क्रमांक एका हिंदी बोलपटाचें नांव झाला. रमेश बक्षी यांच्या कादंबरीवर अवतार कृष्ण कौल यांनीं बेतलेला ‘२७ डाऊन’ हा बोलपट १९७४ चा. आज तो फारसा कोणाच्या स्मरणांत नाहीं.

नायक संजय याला चित्रकार व्हावयाचें असतें. इंजिन-ड्रायव्हर असलेले वडील अपघातानें अपंग होतात आणि मुलाला रेल्वेच्या नोकरींत घालतात. तो तिकीट तपासनीस होतो. गाडींत त्याला विमा महामंडळांत काम करणारी शालिनी भेटते. वडील त्याचें लग्न दुसरीकडे लावून देतात, आणि हुंड्यांत म्हशी येतात! शेवटीं तो वाराणसीच्या गाडींत बसून निघतो. हिचकॉकच्या १९५१ च्या प्रसिद्ध बोलपटांत डब्यांतील दोन अनोळखी इसमांच्या बोलण्यांतून खून उद्भवतो. येथें खून नाहीं, पोलीस नाहींत. तरी हा मनुष्य उतरणार कोठें, ही उत्कंठा मला त्या खुनाहून अधिक जाचली.

छायालेखन अपूर्व किशोर बीर यांचें, कृष्णधवल. बोरीबंदरच्या फलाटावर गाडी लागते आणि क्षणांत माणसांचा लोंढा पडदा व्यापतो, तें दृश्य एकदां तरी पाहावें. रंगीत चित्रांच्या त्या काळांत हें धाडस फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनच्या पैशावर झालें.

त्याच वर्षीं ८ मे रोजीं देशभर रेल्वे कामगारांचा संप सुरू झाला आणि सुमारें वीस दिवस चालला. भुसावळसारख्या रेल्वेच्याच गांवीं तो काळ कसा गेला असेल, हें निराळें सांगावयास नको. बोलपटांत संपाचें नांवही नाहीं. पण नोकरीनें जखडलेला रेल्वेचा माणूस तेथें आहे.

उत्कृष्ट हिंदी चित्रपटाचें आणि छायालेखनाचें, अशीं दोन राष्ट्रीय पारितोषिकें त्यास मिळालीं. निकाल जाहीर झाला त्याच सुमारास, १९७४ मध्येंच, कौल मुंबईस समुद्रांत बुडून वारले. दुसरा बोलपट त्यांच्या हातून झाला नाहीं.